टीबीच पाहिजे म्हणणारे माणिककाका

आमच्या राजापेठेत लोक टीबी लपवतात. माणिककाका तो मागत फिरायचे.

"झाला तर टीबीच व्हावा बाप्पा! दुसरं काई नको," असं ते टपरीवर चारचौघांत म्हणायचे. ऐकणारे बाक सोडून उठायचे. काका ऐसपैस बसायचे.

मी टीबीची पत्रकं वाटते. लपवू नका, बरा होतो, हे घसा फोडून सांगते. लोक पत्रकात भजी बांधतात. माणिककाका मात्र अर्धा गठ्ठा हिसकून स्वतःच वाटत सुटायचे. टपरीवाल्यानं त्यांचा कप वेगळा ठेवला, तेव्हा मी भांडायला उभी राहिले. काकांना संशय होता तो आतड्याच्या टीबीचा. तो कपातून लागतो होय? काकांनी मलाच गप्प केलं, "राहू दे ना वो बाई. त्या कपात चाय जास्त मावते."

काका एसटीचे निवृत्त मेकॅनिक. बायको गेलेली. मुलगी प्रणाली, तिला पुण्यात नोकरी लागलेली. पण बाबांच्या पोटातल्या कळा, जुलाब आणि उतरतं वजन पाहून ती थांबलेली. "बाबा बरे झाले की जाईन." कंपनी किती थांबणार?

एका डॉक्टरनं नीट तपासणी न करताच क्रोन्स, म्हणजे आतड्याला सूज आणि व्रण आणणारा आजार, ठरवून स्टेरॉइड लिहून दिलं. अंदाजपंचे! आत टीबी असला तर स्टेरॉइडनं तो भडकतो. मी तणतणत दोघांना अकोल्याच्या पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दुर्बीण घातली, तुकडा काढून तपासला, तरी ठाम कळेना. दोन्ही आजारांचे व्रण सारखेच दिसतात.

"आधी टीबीची औषधं देतो," डॉक्टर म्हणाले. "दोनेक महिन्यांनी पुन्हा आत पाहू. व्रण भरले तर टीबी. कोर्स संपला की मोकळे. क्रोन्स असला तर जन्मभर सांभाळावा लागतो."

"मंग टीबीच लिहा."

"काका, इंजिनाचा बिघाड तुम्ही मर्जीनं ठरवायचे का?"

"इंजिन बोलते साहेब. हे आतडं बोलूनच नाई राहिलं."

काकांनी एकही गोळी चुकवली नाही. दुसऱ्या दुर्बिणीआधी पोट साफ करायचं पाणी पिताना तेवढे वैतागले. "एवढं खारं पाणी समुद्रातबी नसन!"

व्रण तसेच होते. औषधांना न जुमानणारा टीबी तर नाही ना, तेही डॉक्टरांनी तपासून घेतलं. क्रोन्सच निघाला.

आता काका डॉक्टरांशी भांडणार, असं मला वाटलं. प्रणाली भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती. काकांनी तिला हाताला धरून शेजारच्या खुर्चीत बसवलं.

"साहेब, याची औषधं एकट्या माणसाले घेता येते का?"

"येतात की. तपासणीला मात्र वेळच्या वेळी यायचं."

"पुन्हा सांगा," काका म्हणाले. "माह्याकडं नाई. तिच्याकडं पाहून सांगा."