कच्च्या दुधाचं पक्कं प्रकरण

माणूस ओळखण्यात मी चुकत नाही. अन्न तपासणी खात्याचा माणूस तर मी दारातच ओळखीन, असं मी बायकोला नेहमी सांगतो. ती ऐकून घेते.

आम्ही कच्च्या दुधाचं चीज करून विकतो. दूध तापवायचं नाही, म्हणून नियम कडक. गाई निरोगी हव्यात, दूध तपासलेलं हवं, चीज थंड खोलीत दोन महिने मुरायला हवं आणि वेष्टनावर 'कच्च्या दुधापासून' असं ठळक छापायला हवं. बायको हे सगळं इतकं काटेकोर पाळते, की त्या खोलीत शिरताना नवऱ्यालाही धुतलेले हात दाखवावे लागतात.

त्या दिवशी ती मागे होती आणि मी काउंटरवर. एक गृहस्थ आले. बूट चकचकीत, हातात पिशवी नाही. पिशवीशिवाय कोण खरेदीला येतं? माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्यांनी चीज हुंगलं. "दूध कच्चंच वापरता ना?"

मी लगेच सावध झालो. 'हो' म्हटलं की नियमांची चौकशी सुरू होणार. "कच्चं? छे हो. चांगलं खळखळून उकळतो."

"उकळता?" त्यांचा चेहरा पडला. सावज निसटलं म्हणून पडला, असं मला वाटलं.

"दोनदा," मी म्हणालो.

"मग यावर 'कच्च्या दुधापासून' का छापलंय?"

"जुनी वेष्टनं आहेत. संपवतोय."

ते निघून गेले. मी आत जाऊन बायकोला सांगितलं, "खात्याचा माणूस आला होता. वाटेला लावला."

दुसऱ्या दिवशी खात्याच्या बाई आल्या. कालचे गृहस्थ एका हॉटेलचे आचारी निघाले. कच्च्या दुधाचं चीज ते कधीपासून शोधत होते. आम्ही फसवतो, अशी तक्रार त्यांनीच केली होती.

"उकळलेलं दूध कच्चं म्हणून खपवता?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. अगदी कच्चं असतं, शपथेवर सांगतो."

"मग काल वेगळं का सांगितलंत?"

"काल मला ते तुम्ही वाटले."

नासक्या दुधाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चीजचे नमुने घेतले आणि निकाल येईपर्यंत विक्री बंद केली. मुरलेलं चीज फळीवर तसंच पडून राहिलं.

निकाल घेऊन बाई स्वतः आल्या. "दूध कच्चंच आहे. चीजमध्ये काही दोष नाही," त्या बायकोला म्हणाल्या. "हे मात्र रोज काउंटरवर असतात का?"

"आजपर्यंत असायचे," बायको म्हणाली.

हल्ली मी मागच्या थंड खोलीत मुरणारं चीज उलटवत असतो. थंडीत तब्येत चांगली राहते, असं मी विचारणाऱ्यांना सांगतो.