हिलालआप्पांचं शिंगरू

आमच्या मजल्यावर रोज संध्याकाळी एका झाडाची फेरी निघायची. गॅस सिलिंडरच्या ट्रॉलीवर कुंडी, कुंडीत माझ्या खांद्याएवढं झाड, ट्रॉलीला सुती दोर आणि दोर धरून पुढे शेजारचे हिलालआप्पा. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाटेत माझ्या कुरडया वाळत असल्या की हाक येई, "ताई, वाट द्या. बुजी जाई."

बुजेल कोण, तर झाड. आप्पा त्याला शिंगरू म्हणत.

आप्पांचा जन्म वरातीच्या घोडीमागे गेला. नंदुरबारातले निम्मे नवरदेव त्यांच्या चांदणीवर बसून मांडवात गेले. माझा नवराही त्यातलाच, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? गुडघे बोलायला लागले तशी त्यांनी चांदणी सारंगखेड्याच्या यात्रेत विकली आणि मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मग मुलाला सुरतेत नोकरी लागली. सामानाच्या टेम्पोत सुनेचं, अश्विनीचं, लाडकं झाड मावलं नाही. फिडल लीफ फिग. वडा-उंबराच्याच गोतातलं, पण घरात राहणारं आणि नाकावर राग असलेलं. दिवाळीला येऊ तेव्हा नेऊ, तोवर जपा, असं सांगून ती गेली.

आप्पांना जपण्याची एकच रीत ठाऊक होती. सकाळी मऊ फडक्याने पानापानाला खरारा. अधूनमधून गूळपाणी, ज्याच्या वासाने मुंग्या थेट माझ्या साखरेच्या डब्यापर्यंत पोचल्या. आणि संध्याकाळी फेरी. मी एकदा कुरकुरले, तर मलाच समजावलं, "दिनभर उभं राहीसन पाय आखडी जातस ना, ताई."

झाडाने पानं गाळायला सुरुवात केली. आप्पांनी फेऱ्या वाढवल्या. आणखी पानं गळली. रविवारी अश्विनीचा व्हिडिओ कॉल आला की आप्पा झाडाची भरलेली बाजू दाखवत आणि उघड्या बाजूला स्वतः उभे राहत. पुढे पुढे त्यांना धोतर पसरून उभं राहावं लागे.

अशाच एका रविवारी फोन ठेवून ते माझ्या दारात येऊन बसले. जेवलेही नव्हते.

"हाई झाड मरी गयं, तं त्या काय घेवाले येतीन आठे?" त्यांनी फरशीवर बोट टेकवलं.

माझा मुंग्यांवरचा सगळा राग तिथेच जिरला. मोबाइलवर शोधून मी त्यांना वाचून दाखवलं की या झाडाला जागचं हलवलेलं मुळीच खपत नाही. खिडकीजवळची एक जागा, वरची माती कोरडी झाली की पाणी, बस्स. आप्पा माझ्याकडे संशयाने बघत राहिले. फिरवलेलं आवडत नाही असं जनावर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी दोर खुंटीला गेला. संध्याकाळी वेळ झाली की ते एकटेच गॅलरीत फेरी मारून येत, एक हात मागे आणि रिकामी मूठ वळलेली. मला ते बघवत नसे.

नवरात्रात शेंड्याला नवं पान उलगडलं. आप्पांनी मजलाभर गूळ वाटला.

आणि मग मुलाचा फोन आला. मी समोरच होते, स्पीकर चालू होता. दिवाळीला रजा मिळणं कठीण आहे, विसरवाडीचा एक ओळखीचा टेम्पोवाला सुरतेला येतो, त्याच्याकडे झाड द्या, असं तो म्हणत होता. आप्पांनी घसा साफ केला.

"हाई झाड हालाडं का पानं टाकी देस. मोबाइलमा लिखेल शे. ज्याले पाहिजे त्यानी आठे येवानं."

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मुलगा, सून, नात सगळी आली. संध्याकाळी दोर खुंटीवरून उतरला. ट्रॉलीवर या खेपेला नात बसली होती. मी रांगोळीचे डबे उचलून मुकाट्याने वाट दिली.

निघताना अश्विनीने कुंडीला हात घातला. झाड चांगलं तरारलं होतं, गाडीत मागच्या सीटवर जपून नेता आलं असतं. आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आते थंडी शे. होळीले येशात तवय देखूत."

अश्विनीने त्यांच्याकडे पाहिलं आणि कुंडीवरचा हात काढून घेतला.