किलमोरनचं बावखल

मस्कतच्या कुरुम भागात, एका बँकेच्या डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर असलेल्या एका ट्रॅव्हल कंपनीने दोन हजार तीन साली असा ठराव केला, की ज्या गावात पाहण्याजोगी किमान पाच स्थळं नाहीत, त्या गावाचं तिकीट यापुढे कोणालाही विकू नये. ठराव विनाकारण नव्हता. आदल्या उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक आयर्लंडच्या एका गावात राहून आलं आणि काउंटरवर येऊन म्हणालं, की गाव छान आहे, हवा थंड आहे, माणसं प्रेमळ आहेत, पण बघायला काहीच नाही. सुट्टीभर त्या माणसाला फार बरं वाटलं होतं, पण बरं वाटण्याचा फोटो निघत नाही, अशी त्याची लेखी तक्रार होती.

ठरावाची अंमलबजावणी करण्यासाठी स्थळदर्शन विभाग स्थापन झाला आणि त्यात मॅक्सिम तुस्कानो या एकाच माणसाची नेमणूक झाली. मॅक्सिम वसईजवळच्या भुईगावचा. तो कधी आयर्लंडला गेला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मस्कतच्या बारा वर्षांत ओमानमधल्याच निझव्याचा किल्लाही त्याने पाहिला नव्हता, पण त्याचं इंग्रजी चांगलं आणि अक्षर वळणदार होतं. विभागाच्या प्रमुखपदासाठी एवढी लायकी पुरे असं श्यामला मॅडमचं मत पडलं. श्यामला मॅडम म्हणजे कंपनीच्या व्यवस्थापक. पुण्याच्या, आणि रिकाम्या रकान्याचा त्यांना मनस्वी तिटकारा.

मॅक्सिमने कामाला सुरुवात केली ती मोठ्या उत्साहाने, कारण त्याला एकच गोष्ट हवी होती. पुढच्या मे महिन्यात वसईला त्याच्या जॅस्मिनचं फर्स्ट कम्युनियन होतं, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा सोहळा. पोरीला पांढरा फ्रॉक घालून, हातात मेणबत्ती घेऊन वेदीकडे जाताना बघायचं, एवढंच त्याचं मागणं. तिच्या बारशालाही तो नव्हता, त्या वेळी हज आणि ईदचं बुकिंग एकदम आलं होतं.

"मॅडम, मेमधली माझी रजा पक्की ना?" त्याने विचारलं.

"आयर्लंडचं ब्रोशर पूर्ण झालं की पक्की," मॅडम म्हणाल्या. "आणि पूर्ण म्हणजे पूर्ण. एकही गाव लटकत ठेवायचं नाही."

डब्लिनने त्रास दिला नाही. मोठ्या शहरांनी कोणालाच त्रास दिला नाही. कुठे किल्ला होता, कुठे मनोरा, कुठे पडकी मठी, आणि काही नसेल तिथे कोणीतरी थोर माणूस जन्मून ठेवला होता. अडलं ते किलमोरनपाशी. किलमोरन हे एवढंसं गाव, पण विमानकंपनीच्या सवलतीत नेमकं तिथलंच हॉटेल बसत होतं. तिथल्या एजंटाने फॅक्स पाठवला: गावात एक पूल आहे, एक चर्च आहे आणि तीन पब आहेत. पब ओमानी कुटुंबांना दाखवण्याजोगे नाहीत म्हणून मॅडमनी खोडले. चर्चची डागडुजी चालू होती, सबब तेही गेलं. पूल उरला. एजंटाने प्रामाणिकपणे खाली लिहिलं होतं, की पूल विशेष नाही.

मॅक्सिमने पुन्हा फॅक्स केला, फोन केला. पलीकडचा माणूस दर वेळी हसून सांगायचा, की आमच्याकडे बघायला कोणी येत नाही, लोक बसायला येतात. बसणे हे स्थळ धरता येईल का, असं मॅक्सिमने विचारून पाहिलं. मॅडम नाही म्हणाल्या.

शेवटी शेजारच्या टेबलावरचा सादिक कळवळला. सादिक रत्नागिरीकडचा, व्हिसाचं काम बघायचा. कागद पुढे सरकला पाहिजे, बाकी दुनिया आपोआप सरकते, हा त्याचा अनुभव.

"म्याक्सिम, तू आयर्लंड बघितलंस काय?"

"नाही."

"वाचणाऱ्यानं बघितलंय?"

"नाही."

"मग तुझ्या गावात काय हाय, तेच लिव ना. गाव म्हणजे गाव. खलास."

मॅक्सिमने तासभर मान हलवून नकार दिला आणि मग लिहायला बसला. एकदा बसल्यावर मात्र त्याचा हात थांबेना. पहिला पूल होताच. नाक्यावरचा दगडी क्रूस, ज्याला मे महिन्यात झेंडूच्या माळा घालतात, तो 'पुष्पमंडित प्राचीन स्तंभ' झाला. त्यामागोमाग आजोबांची रहाटाची विहीर आली. बाजारातली सुकेळी, म्हणजे वसईची ती पानात बांधलेली वाळवलेली केळी, 'स्थानिक मेवा' म्हणून बसली. आणि पाचवं, घरामागचं बावखल. केळीच्या वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं ते. पावसाचं पाणी त्यात मुरायचं, त्यावर वाडी जगायची, आणि दुपारी मॅक्सिम त्यात पाय सोडून बसायचा. त्याने लिहिलं, 'किलमोरनचं बावखल पाहिल्याशिवाय या प्रदेशाचा आत्मा कळत नाही. प्रवाशांनी ते मुळीच चुकवू नये.' लिहिताना त्याचे डोळे भरून आले.

त्याच शुक्रवारी त्याने घरी फोन केला, तेव्हा त्याची बायको रोझलिन म्हणाली, "अहो, तो बिल्डर परत आलेला. आपलं बावखल बुजवून घेऊ म्हणतो. तुमची सही पाठवा म्हणतो. काय सांगू?"

"देऊन टाक. डास होतात नुसते," मॅक्सिम घाईघाईने म्हणाला. "आणि हे बघ, बुजवायच्या आधी तुझ्या भावाला, डिलनला सांगून त्याचे दोन-चार चांगले फोटो ईमेल कर. ऑफिसला अर्जंट पाहिजेत."

फोटो आले. डिझायनरने त्यातले माड कापून टाकले, आभाळ करडं केलं आणि पाणी जरा निळं. एका कोपऱ्यात केळीचं एक पान राहून गेलं, पण तोवर ब्रोशर छापायला गेलं होतं. श्यामला मॅडमनी किलमोरनचं पान दोनदा वाचलं आणि आयुष्यात प्रथमच मॅक्सिमला चहा मागवला.

ऑगस्टमध्ये ओमानमधल्या इब्री गावचे एक बडे व्यापारी बायकामुलांसह किलमोरनला गेले. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. ते सकाळपासून बावखल शोधत होते. पोस्टात विचारलं, पोलिसात विचारलं, तिन्ही पबांत विचारलं. कोणालाच ठाऊक नव्हतं. मॅक्सिमच्या पायाखालची वाळू सरकली. त्याला व्यापारी दिसेना, अर्बाब म्हणजे कंपनीचा ओमानी मालक दिसेना, नोकरीही दिसेना. दिसला तो फक्त पांढरा फ्रॉक.

मॅडमनी फोन हातात घेतला. "सर, ते सध्या दुरुस्तीसाठी बंद आहे," त्या शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या. "फार जुनं आहे ना. इन्शाल्ला, पुढच्या वर्षी."

व्यापाऱ्यांचं पूर्ण समाधान झालं. नुसतं उघडं स्थळ कोणीही बघतं, पण ज्याची दुरुस्ती चालते ते निश्चितच महत्त्वाचं असलं पाहिजे, असं त्यांनी इब्रीला परतल्यावर चार जणांना सांगितलं. सप्टेंबरात किलमोरनचं बुकिंग तिप्पट झालं, आणि येणारा प्रत्येक पाहुणा किलमोरनच्या लोकांना एकच प्रश्न विचारू लागला: दुरुस्ती कुठवर आली?

आता किलमोरनचे लोक साधे असले तरी खुळे नव्हते. परदेशातून माणसं येऊन ज्याच्या दुरुस्तीची चौकशी करतात, ते आपल्या गावात असलंच पाहिजे, असं तिथल्या ग्रामसमितीने एकमताने ठरवलं. शोध घेतला, सापडलं नाही, म्हणजे दुरवस्था किती झाली होती ते कळून आलं. वारशाच्या जतनासाठी सरकारी अनुदान मिळालं. चर्चच्या मागे खड्डा खणला गेला. ब्रोशरमधल्या फोटोबरहुकूम काठ बांधले आणि कोपऱ्यातल्या त्या एका पानासाठी काचेचं घर उभारून आत हीटर लावून एक केळ जगवली. स्तंभ झाला, रहाट झाला, सुकेळी कुठल्याशा मळ्यातून मागवली. समितीच्या पत्रात असंही होतं, की गावातल्या वृद्ध मंडळींना आता बावखल चांगलंच आठवू लागलं आहे, आणि एका आजीबाई तर लहानपणी त्यात पडल्या होत्या.

पत्राच्या शेवटी उद्घाटनाचं निमंत्रण होतं. तारीख होती मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारची. जॅस्मिनच्या कम्युनियनचा रविवार तोच.

मॅक्सिम मंजूर झालेल्या रजेचा कागद घेऊन अर्बाबच्या केबिनमध्ये गेला. अर्बाब भला माणूस. त्याने खजूर पुढे केले, कहवा ओतला, आणि मॅक्सिमचं सगळं ऐकून घेतलं.

"तुम खुशनसीब है," तो म्हणाला. "हमारा पूरा कंपनी में वो जगह को तुमसे ज्यादा कौन जानता है? तुम ही जाएगा. यल्ला, चलो."

"अर्बाब, बेटी का प्रोग्राम एक ही बार होता है."

"उद्घाटन भी एक ही बार होता है," अर्बाब म्हणाला, आणि ते खरंच होतं.

मॅक्सिम गेला. किलमोरनमध्ये त्या रविवारी बारीक पाऊस होता. मेयरने फीत कापली, शाळेच्या पोरींनी पांढरे फ्रॉक घालून गाणं म्हटलं. त्या पोरींकडे बघून मॅक्सिम ढसाढसा रडला. एवढ्या जिव्हाळ्याचा ट्रॅव्हल एजंट समितीने पाहिला नव्हता, म्हणून त्याला भाषण करायला लावलं. तो म्हणाला, की हे हुबेहूब आहे. कशासारखं हुबेहूब, ते कोणी विचारलं नाही.

रात्री त्याने घरी फोन लावला. जॅस्मिन झोपली होती. मेणबत्ती धरताना तिचा हात अजिबात हलला नाही, असं रोझलिनने सांगितलं.

कंपनी कृतघ्न नव्हती. मॅक्सिमचं नुकसान भरून काढायला पुढच्या सुट्टीत अर्बाबने त्याला बायको आणि मुलीसह सहलीची फुकट तिकिटं दिली. कुठली, ते सांगायला नकोच. स्टाफ सवलत फक्त किलमोरनला होती.

तिघंही बावखलाचं तिकीट काढून फाटकातून आत गेले. पाण्याभोवती दोरी होती आणि दोरीवर पाटी, की पाय बुडवू नयेत. जॅस्मिनने पाण्याकडे पाहिलं, काचेतल्या केळीकडे पाहिलं. भुईगावात डासांमुळे तिला घरामागे कधी जाऊच दिलं नव्हतं, आणि तिच्या खोलीच्या खिडकीतून आता सात मजली इमारतीचं पार्किंग दिसायचं. तिला हे सगळं फार आवडलं.

"पप्पा, इट्स सो नाइस," ती म्हणाली. "आपल्या गावात असं का नाही?"

रोझलिनने नवऱ्याकडे बघितलं. स्थळदर्शन विभागाचा प्रमुख या नात्याने अशा प्रश्नांची उत्तरं मॅक्सिमकडे तयार असायची. त्याने कॅमेरा बाहेर काढला.

"उभी राहा तिथे," तो म्हणाला. "फोटो काढतो."

सध्या किलमोरनची सहल सबंध वर्ष भरलेली असते आणि सांगायला आनंद वाटतो, की निम्मं बुकिंग वसई, अलिबाग आणि रत्नागिरीकडून येतं. घरची वाडी विकून आलेली मंडळी कॅमेरे घेऊन येतात आणि जुन्या दिवसांच्या आठवणीने गहिवरतात. मागणी पाहून आसपासच्या आणखी तीन आयरिश गावांनी कंपनीकडे अर्ज केले आहेत. त्यांचे रकाने अद्याप रिकामे आहेत. तेव्हा आपल्या परसात एखादी विहीर, पाणवठा किंवा जुना पार अजून शिल्लक असेल, तर वाचकांनी संकोच न करता कळवावं. बुजवायला कंपनीची हरकत नाही. फक्त आधी फोटो काढून ठेवा.