अकरा वर्षे दोन महिने

खोली भाड्याने द्यायच्या आधी पिंपळखुटे सरांनी माझी बुद्धी मोजली होती. मी सातारचा, नोकरीनं नागपुरात येऊन पडलेला. एप्रिलची दुपार, डोक्यावर ओला पंचा, एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात वळकटी. दारात उभं राहून मी पाणी मागितलं. आतून एक उंच, पाठीत वाकलेले गृहस्थ आले आणि पाण्याऐवजी त्यांनी माझ्यापुढे चार रंगीत लाकडी ठोकळे ठेवले. एक नक्षी दाखवून "अशी जुळवा" म्हणाले. मग गळ्यातलं स्टॉपवॉच दाबून अगदी मायेनं म्हणाले, "घाई करू नका. वेळ सुरू आहे."

नक्षी काही जुळली नाही. सरांनी वहीत टिपण केलं, "तेरा वर्षे सहा महिने" असं स्वतःशीच पुटपुटले, आणि मग मला पाणी मिळालं. वरची खोलीही मिळाली. माझं वय तेव्हा सत्तावीस होतं. पुढच्या वर्षी मी इकडच्याच आर्वीची मुलगी केली. सुमन घरात आली त्या दिवशी तिचंही मोजमाप झालं आणि ते सोळा निघालं. आमच्या भांडणांत हा अडीच वर्षांचा फरक आजतागायत निघतो.

ही सुरुवात आणीबाणीच्या दोन-तीन वर्षं आधीची. सर शिक्षकांच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. तरुणपणी पुण्याला जाऊन बुद्धिमापनाचं शिक्षण घेऊन आलेले. भेटेल त्याच्या बुद्धीचं वय ते मोजत. आमचा दूधवाला त्यांच्या हिशेबी एकोणीस वर्षांचा होता, वॉर्डातले नगरसेवक नऊ वर्षांचे, आणि कॉलेजचे प्राचार्य दहा वर्षे चार महिन्यांचे. हे शेवटचं त्यांनी प्राचार्यांना तोंडावर सांगितलं होतं, त्यामुळे बढतीचा प्रश्न कायमचा मिटला होता. बर्डीच्या बाजारातले रिक्षावाले सरांना पाहून तोंड फिरवत, कारण रिक्षात बसण्याआधी सर एखादं कोडं घालत. एकदा एकानं हात जोडून विचारलं, "बाबूजी, बैठना है के पूछना है?" सरांनी त्याला सतरा दिले आणि पायी घरी आले.

हे सगळं ऐकताना हसू येतं. पण त्या घरात राहताना फारसं हसू येत नसे. खाली सर आणि यमुनाकाकू अशी दोनच माणसं. मूलबाळ नाही. दिवसच्या दिवस खालून आवाज यायचा तो भांड्यांचा, पंख्याचा, अंगणात पाणी शिंपडल्याचा. माणसांचा नाही. सरांनी काही विचारलं की काकूंचं एकच उत्तर असे. "तुमचं तुम्ही पाहा. मले काय समजते." यात राग नसे, रुसवाही नसे. जिन्यावरून येताजाता हे वाक्य कानावर पडलं की मला उगीचच उदास वाटायचं.

यामागची गोष्ट सरांनीच मला एका रविवारी ओट्यावर बसून सांगितली. पुण्याहून ते परत आले आणि लगेच त्यांचं लग्न झालं. काकू भिवापूरच्या, मिरचीच्या वखारीत मुनीम असलेल्या माणसाची मुलगी, चौथी शिकलेली. लग्नाच्या आठव्या दिवशी सरांनी तिला टेबलाशी बसवलं आणि पुण्याला छापलेली कसोटी काढली.

"वरणावर हिरवं काय चिरून घालतात, हा प्रश्न होता," सर म्हणाले. "ती म्हणाली, सांबार."

मी सातारचा, त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे सांबर, ते शिंगंवालं जनावर, आलं. पण विदर्भात कोथिंबिरीला सांबारच म्हणतात.

"मग बरोबर आहे की," मी म्हणालो.

"उत्तरसूचीत कोथिंबीर होतं. मी चूक दिली. बटाट्याच्या चित्राला ती आलू म्हणाली, चूक दिली. शेंगदाण्याला फल्ली म्हणाली, चूक दिली." सरांनी खाली पाहिलं. "मी याच मातीतला आहे हो. माझ्या आईच्या हातच्या सांबारवड्या खाऊन वाढलो. पण उत्तरसूचीत कोथिंबीर होतं."

बेरीज झाली अकरा वर्षे दोन महिने. नव्या विद्येच्या भरात सरांनी तो आकडा तिला तिथेच सांगितला. तिच्या सासूलाही सांगितला. सासूनं तो जावांना सांगितला, आणि दोन वर्षं त्या घरात सगळे तिला "अकराची" अशी हाक मारायचे. भाजी करपली, अकराची. दूध उतू गेलं, अकराची. तिनं कधी भांडण केलं नाही. फक्त त्या दिवसापासून सरांच्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर देणं तिनं बंद केलं.

चूक सरांच्या ध्यानात यायला चार वर्षं गेली. रामटेककडच्या एका शाळेत निम्मा वर्ग मंद निघाला, तेव्हा त्यांनी पोरांची उत्तरं पुन्हा वाचली आणि जागोजागी सांबार, आलू, फल्ली दिसायला लागलं. तेव्हापासून ते इकडच्या बोलीत नवी कसोटी तयार करत होते. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. रविवारी एसटीनं खेडोपाडी जायचे, शाळांत प्रश्न घालून पाहायचे, परत येऊन खोडायचे. कॉलेजात या कसोटीची टिंगल चाले. प्राचार्य म्हणत, "बुद्धी प्रमाण भाषेतच असते, पिंपळखुटे." पुण्याला पाठवलेली प्रत परत आली ती 'काहून', म्हणजे 'का', या शब्दाखाली जागोजाग लाल रेघा मारून, शुद्धलेखन सुधारावे अशा शेऱ्यासह.

"पोरांसाठी करतोय हे खरंच आहे," सर म्हणाले. "पण हिला एकदा चाळीसपैकी चाळीस मिळायला हवेत. तो आकडा मला माझ्या हातानं पुसायचाय. दुसरं काही नको."

सरळ बसवून परीक्षा घेतली तर काकू बसणार नव्हत्या. म्हणून सर सकाळच्या जेवणाला, कॉलेजात जायच्या आधी, रोज एक प्रश्न गप्पांमध्ये मिसळून टाकत. त्यांना गप्पा मारता येत नसत, त्यामुळे ते मिसळणं फार वाईट दिसे. एकदा मी घरभाड्याच्या पावतीसाठी खाली गेलो होतो. सर पोळीचा तुकडा हातात धरून भिंतीकडे पाहत म्हणाले, "अगं, सहज आठवलं. विळा, खुरपं, कुऱ्हाड, टोपलं. यात वेगळं कोणतं?"

काकूंनी ताटात भाजी वाढली. मला वाटलं, आता ठरलेलं वाक्य येणार. पण नाही. बोलीतल्या प्रश्नांना त्या उत्तर देत. "खुरपं," त्या म्हणाल्या.

"काहून?"

"माह्या माहेरी खुरप्याले कोणी हात लावू देत नव्हतं. बाकी सारं सारेच घेत."

सरांचा चेहरा उतरला. हात धुऊन त्यांनी वहीत फुली मारली. दुसऱ्या दिवशी सूर्य, चंद्र, चांदणी आणि दिवा. चौघांतला माणसानं केलेला दिवा, हे शेंबडं पोरही सांगेल. काकू म्हणाल्या, "सूर्य." का, तर "तो असला तं बाकीच्याईले विचारते कोण?"

चाळीस दिवसांत चाळीस उत्तरं होत, आणि चाळीसही चूक. मग सर उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी कसोटी नव्यानं लिहून काढत. शब्द आणखी सोपे, आणखी इकडचे. पुन्हा चाळीस दिवस, पुन्हा चाळीस फुल्या. असं मी पाच-सहा वर्षं पाहिलं. खेड्यातल्या शाळांना मात्र ही कसोटी आवडायला लागली होती. पोरं हसतहसत सोडवत आणि पास होत. सरांना त्याचं काही वाटत नसे.

मला एक गोष्ट कबूल करायला हवी. काकू खरंच मंद आहेत अशी माझी समजूत झाली होती, आणि सरांचा मला राग यायचा. एक दिवस मी त्यांना ओट्यावर गाठून बोललोच. "सर, पुरे करा आता. नाही येत त्यांना. का रोज पानावर बसून त्या बाईला छळता?" सर उठून आत गेले आणि पुढचे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सुमन माझ्यावर उखडली. "काकू मंद आहेत? गल्लीतल्या साऱ्या पोरांचे वाढदिवस त्यांना पाठ आहेत. मला स्वेटरची नक्षी लांबून पाहून उतरवून देतात. तुमचे ते तेरा वर्षे सहा महिने बरोबरच होते."

मग काकू आजारी पडल्या. पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात नेलं, ते फार पुढं गेलेलं निघालं. तीन आठवडे होत्या. सर रोज वही घेऊन जात, खाटेशेजारच्या स्टुलावर बसत आणि वही न उघडता परत येत. दुपारी सुमन काकूंजवळ थांबे. एका सकाळी काकू गेल्या. सरांनी सगळं नीट केलं, कुठं रडले नाहीत.

तेरावा झाला. पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो, कारण सुमननं मला सकाळी एक गोष्ट सांगितली होती आणि ती सरांना सांगायची की नाही हे आम्हाला ठरवता येत नव्हतं. सर टेबलाशी वह्या पसरून बसले होते. मला पाहून त्यांनी एक पान पुढे केलं. त्यावर वर्षं लिहिली होती, एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे शून्य.

"याचा अर्थ तुम्हाला कळतो?" त्यांनी विचारलं.

मी पान हातात घेतलं.

"चाळीस प्रश्न, चार पर्याय. एखाद्याला काही म्हणजे काही येत नसलं आणि तो डोळे मिटून बोट ठेवत गेला, तरी दहाच्या आसपास बरोबर येतात. अगदी नशीब फुटकं असलं तरी पाच-सहा येतातच. एकही बरोबर येऊ द्यायचं नसेल, तर चाळीसच्या चाळीस उत्तरं माहीत असावी लागतात." त्यांनी चष्मा काढला. "मला हे पहिल्याच वर्षी कळलं. आणि मी दरवर्षी पुन्हा विचारत राहिलो. तुम्ही म्हणालात छळता म्हणून. मी छळत नव्हतो हो. वाट पाहत होतो. तिला सगळं येतंय आणि ती मुद्दाम चुकवतेय, म्हणजे तिनं मला माफ केलेलं नाही. एक दिवस एक उत्तर बरोबर देईल, त्या दिवशी माफ केलं असं मी धरणार होतो."

"तुम्ही त्यांना सांगितलं का नाहीत? चूक तुमची होती म्हणून?"

"रोज सांगणार होतो," सर म्हणाले. "मला तेवढं बोलता आलं नाही. प्रश्न विचारता येत होते."

मला फार वाईट वाटलं. मी जिन्यापाशी जाऊन सुमनला हाक मारली. ती पदराला हात पुसत खाली आली. "काकू तुला दवाखान्यात काय म्हणाल्या ते यांना सांग," मी म्हणालो.

सुमन दारातच उभी राहिली. "सर, मी त्यांना सहज विचारलं होतं, की काकू, तुम्हाला तर सगळं येतं, मग सरांना उलटं का सांगता. तर त्या म्हणाल्या की बरोबर सांगितलं असतं तर त्यांचं काम..."

"असं नको," सर मध्येच म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "ती म्हणाली तसं सांग. तिच्या शब्दांत."

मग आर्वीच्या, काकूंच्या, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या बोलीत सुमन म्हणाली, "बरोबर सांगतलं असतं तं त्याईचं काम सरलं असतं वं. मंग मले काय पुसलं असतं त्याईनं? रोज एक गोष्ट तं बोलत होते माह्यासंग."

सरांनी विचारलं, "राग होता का बोलण्यात?"

"नाही सर. हसत होत्या."

"हसत होती?"

"हो. आणि म्हणाल्या, येवढा शिकला माणूस, पण त्याईले दुसरं काई बोलताच येत नाई, तं म्या काय करू?"

सरांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्यावर डोकं टेकवलं. पाठ हलायला लागली. इतक्या दिवसांत आम्ही त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि काय करावं तेही आम्हाला सुचेना. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर न करताच म्हटलं, "पुन्हा सांग."

सुमन आत आली, त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि तिनं ते पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.