साठ पुड्यांचं पीठ

रविवारी सकाळी सुजय पाष्टे पाचवं घावन तोडत होता. सहज त्याची नजर मागच्या गॅलरीत गेली आणि हात ताटातच थांबला. दोरीवर प्लॅस्टिकच्या लहान लहान पिशव्या चिमटे लावून वाळत घातल्या होत्या. पिशव्या पुष्कळ होत्या. प्रत्येकीवर काळ्या शाईने आकडा होता. सतरा, चाळीस, एकोणसाठ. अक्षर त्याचंच होतं.

“राही,” तो म्हणाला, “त्या पिशव्यांतला तांदूळ कुठाय?”

राहीने आईकडे पाहिलं. तिची आई, हौसाबाई, तव्यासमोर उभी होती. तिने जावयाच्या ताटाकडे पाहिलं.

“घ्या अजून एक,” ती म्हणाली. “नारळाचा रस घालू?”

सुजय रत्नागिरीबाहेरच्या एका कृषी संशोधन केंद्रात प्रयोगशाळा सहायक होता. केंद्रात नवीन यंत्र आलं होतं. वाटीभर दाणे त्यात ठेवले की यंत्र त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकी. काही प्रकाश दाणे गिळत, काही परत पाठवत. परत आलेल्या प्रकाशाची एक वेडीवाकडी रेघ पडद्यावर उमटे, आणि त्या रेघेवरून दाण्यात पाणी किती, प्रथिनं किती, पिष्ट किती ते अर्ध्या मिनिटात सांगता येई. दाणा दळायला नको की उकळायला नको. अडचण एवढीच होती, की हे यंत्र येताना काहीही शिकून येत नाही. कुठल्या रेघेचा अर्थ काय, हे त्याला आधी शिकवावं लागतं. त्यासाठी तोच तांदूळ एकदा जुन्या पद्धतीने रसायनं घालून तपासावा लागतो.

सुजयने सहा महिने जिल्हाभर हिंडून गावठी जातींच्या तांदळाचे साठ नमुने गोळा केले होते. प्रत्येकी शंभर ग्रॅम. साठ रेघा काढून झाल्या होत्या आणि आता साठ पुड्या कोल्हापूरच्या रसायनशाळेत जायच्या होत्या. शुक्रवारी केंद्रात वाळवीचं औषध मारायला माणसं आली. नमुन्यांना वास लागू नये म्हणून सुजयने पुड्यांची थैली घरी आणून ओट्याखाली ठेवली. शनिवारी तो पालीला कामाला गेला, आणि त्याच दिवशी हौसाबाई मंडणगडहून लेकीकडे आली.

“आये, मी तुला सांगितलं होतं ना, ऑफिसच्या पिशव्या आहेत म्हणून?” राही म्हणाली.

“पिशव्यांना कुठं हात लावला? पिशव्या धुऊन वाळत घातल्यात साठच्या साठ. नुसतं साबणाने घासघास घासल्या, पण आकडे काय जाईनात.”

“तांदूळ, आई,” सुजय म्हणाला.

“तो धुतला, गच्चीवर वाळवला, चार वाजता गिरणीतनं दळून आणला. इवल्या इवल्या पुड्यांत तांदूळ ठेवलात तर टोके-किडे पडायचे नायत?”

सासूवर ओरडायची सुजयच्या घरात पद्धत नव्हती. शिवाय तोंडात घावन होतं. त्याने ते गिळलं. किती नंबरचं गिळलं हे आता सांगता येणार नव्हतं.

“शेट्ये सर साडेनऊला येणार आहेत,” तो म्हणाला. “स्वतः पुड्या घेऊन कोल्हापूरला निघालेत.”

डॉक्टर केतन शेट्ये हे त्याचे साहेब. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

“खालच्या दुकानातून तांदूळ आणून भरू या का पिशव्यांत?” राही म्हणाली.

“साठ जातींचा?”

“त्यांच्याकडे चार आहेत. बासमती धरून.”

सुजयने हा विचार केला नाही असं नाही. चांगला मिनिटभर केला. पण तेवढ्यात बेल वाजली. शेट्ये सर नेहमी वेळेच्या आधी येत.

“बसत नाही,” सर दारातूनच म्हणाले. “घाट लागायच्या आत ऊन चढायला नको. थैली द्या.”

“घावनं गरम आहेत, सर,” राही म्हणाली आणि गॅलरीचा पडदा ओढला.

सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तव्याकडे. “एकच घेईन,” असं म्हणत ते बसले. पहिलं घावन त्यांनी गप्प बसून खाल्लं. दुसरं मागून घेतलं. तिसऱ्याला म्हणाले, “पाष्टे, ह्याला म्हणतात घावन! काय जाळी पडली आहे! कुठल्या जातीचा तांदूळ हा?”

“मिश्र आहे, सर.”

“मिश्र म्हणजे? दोन जाती?”

“जरा जास्त.”

“प्रमाण लिहून ठेवा. परत आलो की आपल्या यंत्रावर लावून बघू.” सर चौथं खाता खाता कामाकडे वळले. “ते यंत्र मला काही बरोबर वाटत नाही. काल त्याच साठ रेघा परत पडद्यावर लावून पाहिल्या. चौतीस रेघा वेगवेगळ्या दिसतात आणि बाकीच्या सव्वीस एकावर एक बसतात. केस घालायला जागा नाही! सव्वीस घरांतला तांदूळ एकसारखा असेल कसा? तुम्ही एकच पुडी सव्वीस वेळा लावली नाहीत ना?”

“नाही, सर. तीनदा तपासलं.”

“मग यंत्रच बिघडलेलं आहे. कंपनीचा माणूस येऊन गेला, म्हणतो यंत्र ठीक आहे. आता कोल्हापूरचे आकडे आले की त्याच्या तोंडावर मारतो. चला, हात धुतो. थैली काढून ठेवा.”

हात धुण्याचं बेसिन गॅलरीत होतं. हे राहीच्याही उशिरा लक्षात आलं.

नळ सुरू झाल्याचा आवाज आला नाही. सुजय गॅलरीच्या दारात जाऊन उभा राहिला. सर दोरीखाली, उष्टा हात वर धरून, ओठ हलवत पिशव्या मोजत होते.

“साठ आहेत,” ते म्हणाले.

“पिशव्या आहेत, सर.”

सरांनी वाकून स्वयंपाकघरात पाहिलं. तिथे पिठाचा डबा होता, भिजवलेल्या पिठाचं पातेलं होतं आणि पातेल्यात पळी होती.

“मी किती खाल्ली?” त्यांनी विचारलं.

“चार.”

“पाष्टे,” सर अगदी हळू म्हणाले, “सहा महिने. बत्तीस गावं. दिल्लीला अहवाल.” सुजयने मान खाली घातली. त्याचं नोकरीचं कंत्राट मार्चमध्ये संपत होतं, आणि ते पुढे चालू ठेवायचं की नाही हे सर लिहिणार होते.

“ओ सायब,” हौसाबाई उलथनं हातात घेऊनच पुढे आली. “त्यांना काय बोलू नका. दळलं मी. आणि मी म्हणते, असल्या तांदळाला रडायचं कशाला? अर्धा अधिक रेशनचाच होता.”

सर वळले. “काय म्हणालात?”

“रेशनचा. धुताना हाताला कळत नाय? बाकीच्या पुड्यांतला तांदूळ निराळा निराळा होता. कुठला जाडा, कुठला लालसर, एकाला तर छान वास होता. पण पंचवीस-तीस पुड्या मंजे एकाच गोणीतनं भरल्यासारख्या. गावठी पटणी जात म्हणून सांगून रेशनचा घातलान् तुमच्या पदरात.”

सुजयला यंत्राच्या पडद्यावरच्या रेघा दिसल्या. सरांनाही दिसल्या असाव्यात. ते हात न धुताच आत आले आणि पाटावर बसले.

“सव्वीस,” ते म्हणाले.

“असतील. मी मोजायला नाय बसले.”

“म्हणजे यंत्र बरोबर सांगत होतं.” सर भिंतीला टेकले. “आणि मी कंपनीला दोन पत्रं पाठवली. दुसरं जरा कडक होतं.” मग त्यांना आणखी काही सुचलं. “हे कोल्हापूरला गेलं असतं, तर मी रेशनचा तांदूळ पटणी म्हणून दिल्लीला छापून पाठवला असता.”

“घ्या अजून एक,” हौसाबाई म्हणाली. पीठ कशाचं ते कळूनही सरांनी नाही म्हटलं नाही.

“पण लोकांनी असं का केलं?” सुजय कळवळून म्हणाला. “मी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं होतं. नुसते शंभर ग्रॅम मागितले!”

“तेच तर. शंभर ग्रॅमसाठी कोण भाताची कनगी उघडतं? ती लिंपून ठेवलेली असते. रेशनचा डबा दाराशी असतो. तुमची गाडी रस्त्यात थांबलेली, डायवर हॉर्न मारतोय. हाताला येईल तो दिला.”

“परत गोळा करायचे,” सर म्हणाले. “साठच्या साठ. पाष्टे, तुमचं कंत्राट वाढवावं लागणार, दुसरा इलाज नाही. आणि मावशी, तुम्ही गाडीत बसाल का ह्यांच्याबरोबर? तुमच्यासमोर कोणी रेशनचा देणार नाही.”

“बसेन की. पण गाडी दारात उभी करून चालणार नाय. घरात जायचं, बसायचं, चा घ्यायचा. मग मागायचं.”

सुजयला इतकं हलकं वाटलं, की त्याने लगेच नोंदवही आणली आणि गावांची यादी काढली. मंडणगडपासून सुरुवात करावी असं ठरलं. बोट फिरवत तो एका ओळीवर थांबला.

“आई,” तो म्हणाला, “तेवीस नंबर. हौसाबाई धाकू आग्रे. हा तर तुमचाच नमुना.”

हौसाबाई तव्याकडे वळली. तव्यावर काही नव्हतं.

“जात पटणी, असं लिहिलंय,” सुजय म्हणाला. “तुम्हीच सांगितलं होतंत.”

“आये!” राही म्हणाली.

“त्या दिवशी ते कसे आले होते ते विचार,” हौसाबाई लेकीला म्हणाली. “हापिसच्या गाडीतनं. दारातनंच हाक मारल्यानी. घरात नाय आले, पाणी नाय घेतलं. जावय मंजे कोण नि हापिसवाला मंजे कोण, मला कसं कळायचं? हापिसवाला आला, हापिसवाल्यासारखा दिला.”

शेट्ये सर खाता खाता थांबले. “आणि जावई म्हणून आले असते तर?”

“तो आणलाय ना काल.” तिने फळीवरच्या कापडी पिशवीकडे उलथन्याने खूण केली. “घरची पटणी. पाच किलो. उगाच नाय पुड्या फोडल्या मी. चांगला तांदूळ कोण घावनात घालतं?”

सुजय उठला आणि पिशवीजवळ गेला. गाठ सोडायला त्याने हात लावला.

“शंभरच ग्रॅम घेतो, आई. यंत्राला लावायला.”

“ठेवा तो खाली,” हौसाबाई म्हणाली. “सायब पण जेवायला थांबतायत. भात होऊन उरला, तर न्या.”