सुरक्षित कार्ड आणि अडकलेले साहेब

जी वस्तू चोराला सापडत नाही ती सुरक्षित असते, आणि जी मालकालाही सापडत नाही ती पूर्ण सुरक्षित असते. लहान मुलांना हे तत्त्व उपजत कळतं (म्हणून परीक्षेच्या सकाळी कंपासपेटी घरात कुणालाच सापडत नाही). मोठ्यांना त्यासाठी परिपत्रक काढावं लागतं.

असं परिपत्रक लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत निघालं. कंपनीने मेकॅनिक लोकांना मोबाईल दिले होते. मोबाईलमधलं मेमरी कार्ड नखाएवढं असतं आणि नखानेच निघतं. कुणी ते पळवलं तर? या विचाराने सुरक्षा अधिकाऱ्यांची झोप उडाली. (झोप कार्यालयीन वेळेतली असल्याने कंपनीने तिची गंभीर दखल घेतली.) सगळ्या कार्डांचं एन्क्रिप्शन करायचं ठरलं. सोपं करून सांगतो: कार्डावरचं सगळं कापसासारखं पिंजून ठेवायचं, आणि एक गुप्त नंबर घातला तरच ते पुन्हा जुळायचं. कल्पना उत्तम आहे, यात वाद नाही.

पण नंबर मेकॅनिकना दिला तर ते तो वापरतील, हा धोका या सुरक्षा अधिकारी साहेबांनी वेळीच ओळखला. म्हणून नंबर एकट्या साहेबांकडे राहिला. कार्ड उघडायचं तर मेकॅनिकने साहेबांच्या टेबलाशी यायचं, पाठ फिरवून उभं राहायचं, मग साहेब नंबर दाबणार. बिघडलेली लिफ्ट टेबलाशी येऊ शकत नसे, पण तो लिफ्टचा दोष होता. योजनेआधी चोरीला गेलेली कार्डं: शून्य. योजनेनंतर: शून्य. एवढं सातत्य दुसऱ्या कुठल्याच खात्याला जमलं नव्हतं.

एका संध्याकाळी कंपनीच्याच इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली. आत साहेब होते, आणि त्यांच्या हातात केकचा खोका. घरी लेकीचा वाढदिवस होता, आणि केक येईपर्यंत मेणबत्त्या खोळंबल्या होत्या.

मेकॅनिक धावत आला. "साहेब, वायरिंगचा फोटो कार्डावर आहे. तो न बघता हात लावला तर लिफ्ट वर जाईल का खाली, मी नाही सांगू शकत."

"अंदाजाने काही करू नकोस."

"मग नंबर सांगा." दाराच्या फटीतून आवाज जात होता, मोबाईल जात नव्हता.

"नंबर मोठ्याने उच्चारायचा नाही. कलम चार."

"मग हळू सांगा."

"हळू सांगितला तरी तुला ऐकू येईल."

मेकॅनिकने फटीला कान लावला. आतून पुन्हा आवाज आला. "आणि तू तूच आहेस कशावरून?"

"आवाज ओळखत नाही का साहेब?"

"आवाजाची नक्कल करता येते."

शेवटी साहेबांची बायको जिने चढत आली. "पोरगी डोळे चोळत बसलीये, आणि हे इथे लटकलेत. काय अडलंय?"

"नंबर अडलाय, वहिनी."

"एवढंच ना? आजची तारीख आणि महिना घाला. घरच्या कपाटाला तोच, बँकेला तोच, माझ्या मोबाईललाही यांनी तोच ठेवलाय."

"चुकीचा आहे," आतून साहेब म्हणाले. "घालू नकोस."

कार्ड उघडलं. लिफ्ट खाली आली.

बाहेर पडताच साहेबांनी मेकॅनिकला, परवानगीशिवाय सुटका केल्याबद्दल, तोंडी ताकीद दिली. मग सगळ्यांना पाठ फिरवायला लावून ते तिथल्या तिथे नव्या नंबराचा विचार करू लागले. बायकोनेही पाठ फिरवली, आणि केक घेऊन ती घरी निघून गेली. मेणबत्त्या वेळेवर विझल्या. साहेब अजून विचार करत होते.

तुम्ही हसलात, ते ठीक आहे. पण आत्ता मनातल्या मनात तुम्ही पोरांचा वाढदिवस काढून टाकून दुसरी एखादी तारीख शोधताय. घाई नको, मी थांबतो. माझं ऐकाल तर लग्नाची तारीख ठेवा. ती चोराला सापडणार नाही. आणि तुम्हाला तरी कुठे आठवतेय? म्हणजे (सुरुवातीचं तत्त्व पुन्हा एकदा वाचा) तुमचं कार्ड पूर्ण सुरक्षित.