सोमवारची खुर्ची

दर सोमवारी सकाळी आमचे शमूमामा इस्त्रीचा शर्ट, कानटोपी आणि पाठीला सुतळीने बांधलेली निळी लोखंडी खुर्ची अशा थाटात लोणावळ्याबाहेर पडतात. खुर्ची घडीची आहे. स्कूटर मी चालवतो, मामा मागे, मामांच्या मागे खुर्ची. धुक्याच्या दिवसांत मागून येणाऱ्याला फक्त खुर्चीच तरंगत जाताना दिसते. कुरवंड्याच्या वळणावर एकदा एका पर्यटकाने गाडी आमच्या बरोबरीला आणून विचारलं, खुर्ची तासावर देता की दिवसावर?

शमूमामा म्हणजे शमुवेल, माझ्या आईचे धाकटे भाऊ. वय चौऱ्याहत्तर. मी बावन्न वर्षांचा, वह्या-पेन्सिलींचा दुकानदार. दुकान सोमवारी बंद असतं, म्हणून सारथी म्हणून माझी नेमणूक झाली. बायकोच्या मते बाकीच्या सहा दिवशीही दुकानाची अवस्था फार वेगळी नसते.

आपल्या मावळात आमच्या ख्रिस्ती मंडळ्या विरळ. कान्ह्याला एक, औंढ्याला एक, वर कुरवंड्याला एक. मंडळी म्हणजे कुठे वीस माणसं, कुठे बारा. कुरवंड्याला सात, त्यातलं एक तान्हं. पण प्रत्येक ठिकाणी एक पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, असतो आणि त्याला सगळ्यांचं दुखलंखुपलं ऐकावं लागतं. मामांचं म्हणणं, रविवारी पाळकाला समदे भेटतात, सोमवारी कोण इचारतंय? म्हणून सोमवारी मामा जातात. पाळीपाळीने, एका सोमवारी एक पाळक.

खुर्चीमागे मामांचं तत्त्वज्ञान आहे. लहान गावच्या पाळकाच्या घरात खुर्ची एकच असते. पाहुणा आला की पाळक ती पाहुण्याला देतो आणि स्वतः उभा राहतो. "आन उभा पाळक जे बोलतो त्यो उपदेश. बसला का मग खरं बोलतो." म्हणून मामा आपली खुर्ची आपण नेतात, दारात उघडतात, बसतात आणि पाळकाला म्हणतात, "बस आधी." तो बसला की दुसरं वाक्य: "काल कसं झालं?" झालं. सल्ला नाही, बायबलमधलं वचन नाही. सल्ला द्यायला वरचा समर्थ आहे, म्हणतात. मग ऐकता ऐकता मामा चक्क झोपतात. पाळक संकोचून थांबला की डोळे मिटूनच विचारतात, "पुढं?"

मामांनी उभी हयात रेल्वेत काढली. घाटात गाडीला मागून रेटणारी इंजिनं असतात ना, ती लोणावळ्यात सुटी करण्याचं त्यांचं काम. त्यामुळे पाळक म्हणजे पुढचं इंजिन, पण चढावर मागून रेटणारं कोणीतरी पायजे, हा दृष्टान्त मी कान्ह्याला पोचेपर्यंत तीनदा ऐकतो. मी कोणतं इंजिन, असं एकदा विचारलं. "तू डबा," मामा म्हणाले.

त्या खुर्चीवर बसायची मला परवानगी नाही. मामांच्या घरीसुद्धा ती भिंतीला टेकून उभी असते. मामा खाटेवर, मी उंबऱ्याशी उभा. एकदा ते हात धुवायला गेले असताना मी ती उघडून बसलो. मामा आले, ओल्या हातांनी तसेच थांबले. "ऊठ. ती पाहुन्याची हाय." मी म्हटलं, मामा, पाहुणा आलाय कोण?  त्यांनी पंच्याने खुर्ची पुसून घडी घातली.

कुरवंड्याचा पाळक अमोल, नगरकडचा, तिशीतला पोरगा. भाद्रपदातला तो सोमवार. पठारावर सोनकी फुललेली, नागफणीच्या सुळक्याचं टोक ढगात हरवलेलं, खालून घाटातल्या गाडीची शिट्टी अशी येत होती की जणू कुणी झोपेत हाक मारतंय. अमोल दारात उभा राहून म्हणाला, सगळं छान आहे, प्रभूची कृपा. मामा म्हणाले, "बस आधी."

तो बसला. आणि म्हणाला, "आबा, मी चाललो. चाकणला गोदामात काम मिळालंय. पहिल्या तारखेपासून."

मामांनी मान हलवली. "काल कसं झालं?"

काल एकच जण आलं होतं. एक म्हातारी मावशी, आणि तीसुद्धा गेल्या रविवारी विसरलेली छत्री न्यायला. अमोलने तिच्यासाठी सगळी उपासना घेतली, तिन्ही गीतं, पाऊण तासाचा उपदेश. ती बिचारी छत्री मांडीवर धरून शेवटपर्यंत बसली. हे सांगताना तो हसायला गेला, ते जमलं नाही. मामांचे डोळे मिटलेले. "पुढं?" पुढे काही नव्हतं.

निघताना मामांनी एवढंच विचारलं, पहिल्या तारखेच्या आत सोमवार किती? दोन, अमोल म्हणाला. "मंग दोनदा येतो." कान्हे आणि औंढ्याची पाळी मोडून.

परतताना मी चिडलो. म्हटलं, मामा, त्याला थांब तरी म्हणायचं.  पाठीमागून, धुक्यातून आवाज आला. रेल्वेत लागायच्या आधी मामा एका गावात तीन वर्षं पाळक होते. मला हे ठाऊकच नव्हतं. मंडळी सहा. एका सोमवारी त्यांनी अंगणात दोन खुर्च्या मांडल्या, एक आपली, एक येणाऱ्याची. दुपारपर्यंत वाट बघितली. मग आपली खुर्ची शेजाऱ्याला दिली, दुसरी, हीच निळी, उचलली आणि लोणावळ्याची गाडी धरली.

"थांब म्हणनारं कुनी नको व्हतं रं," मामा म्हणाले. "नुसतं कसं झालं म्हणनारं पायजे व्हतं."

पुढच्या सोमवारी गेलो. अमोल कमी बोलला. सामान बांधायला काढलं होतं. त्याच्या पुढच्या, म्हणजे शेवटच्या सोमवारी मामांचा गुडघा पपईएवढा सुजलेला होता. डॉक्टरांनी आदल्या दिवशीच खाटेवरून उतरायचं नाही म्हणून बजावलेलं. पण मामांनी सकाळी मला खुर्ची दिली. स्वतःच्या हाताने. म्हणाले, तू जा. बस, इचार आन गप ऱ्हा. तिसरं मला आजन्म जमलेलं नाही, हे माहीत असूनही.

मी सुतळीशी झटत होतो. गाठ मारताना खुर्ची उघडायची, खुर्ची मिटताना गाठ सुटायची. साडेनऊ झाले. तेवढ्यात दारात अमोल. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, चालत उतरून आलेला. म्हणाला, "आठपासून खुर्ची मांडून बसलो होतो. आबा आले नाहीत, म्हटलं काय झालं बघावं."

मामा खाटेचा कठडा धरून उभे राहिले. "या या. देवाची किरपा हाय, समदं ब्येस हाय."

अमोलने माझ्या हातातली खुर्ची घेतली. सुतळी सोडवली, खाटेसमोर उघडली आणि बसला. मी मामांकडे बघितलं. मामा खुर्चीकडे बघत होते.

"आबा, बसा आधी," अमोल म्हणाला. "काल कसं झालं?"

मामा हळूच बसले. कानटोपी काढून मांडीवर ठेवली, तिची घडी घातली, मोडली.

"काल व्हय," ते म्हणाले. "काल कुनी आलं न्हाई."

काल कुठला, हे अमोलने विचारलं नाही. मी चहा टाकायला आत सटकलो. माझं पाहुण्यांपुढे रडणं बरं दिसत नाही. नाक फार लाल होतं. बाहेर मामांचा आवाज सुरू होता, बराच वेळ, आणि मधे मधे अमोलचा एकच शब्द, "पुढं?"

चहा घेऊन आलो तेव्हा मामा विचारत होते, "आन पयली तारीख?"

"काल सहा जण आले होते," अमोल म्हणाला. "मावशी सुनेला घेऊन आल्या. छत्री परत विसरल्या. ती द्यायला मला पुढच्या रविवारी थांबावं लागेल, आबा. त्या दर वेळी विसरणार, असं दिसतंय."

मी कप ठेवले आणि इतक्या वर्षांच्या सवयीने उंबऱ्याशी जाऊन उभा राहिलो. मामांनी खाटेवर सरकून शेजारची जागा थोपटली.

"ये, बस. दुकानदार मानूस तू. तुजं कसं झालं काल?"

मला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. छान चाललंय, असं उभ्याउभ्या म्हणणार होतो. पण मी बसलो.